टोलची थकबाकी, नोटीस आणि नावाचं स्पेलिंग

जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत एक दुरुस्ती झाली. आपल्या मोहल्ल्यांत तिची चर्चा फारशी ऐकू आली नाही, पण ज्यांच्या घरची चूल गाडीवर पेटते त्यांनी ती नीट समजून घ्यायला हवी. राष्ट्रीय महामार्गावरच्या यंत्राने तुमची गाडी गेल्याची नोंद केली आणि टोल मात्र जमा झाला नाही, तर ती रक्कम आता गाडीच्या नावावर थकबाकी म्हणून उभी राहते. ती भरल्याशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर करायला किंवा दुसऱ्या राज्यात न्यायला लागणारं ना-हरकत प्रमाणपत्र मिळणार नाही, फिटनेसचं नूतनीकरण होणार नाही आणि ट्रकवाल्याला नॅशनल परमिट मिळणार नाही.

हा नियम आला तो पुढच्या व्यवस्थेची तयारी म्हणून. नाक्यावरचा दांडा काढून टाकायचा, गाडी न थांबवता कॅमेऱ्याने नंबर वाचायचा, फास्टॅगमधून पैसे घ्यायचे आणि नाही मिळाले तर नोटीस पाठवायची, अशी ही कल्पना आहे. सुरतजवळचा चोर्यासी आणि हरयाणातला घरौंडा हे नाके त्यासाठी आधी निवडले गेले. दांडा गेला की नाक्यावरचं भांडण जाईल, हे खरं. पण आज नाक्यावर निदान समोर एक माणूस असतो. त्याच्याशी हुज्जत घालता येते, वरिष्ठाला बोलवा म्हणता येतं. उद्या समोर कोणीच नसेल, मोबाईलवर फक्त इंग्रजी मजकूर येईल.

आम्ही देवळाली कॅम्पातली माणसं. आमची गाडी पुण्याकडे निघाली की शिंदेचा नाका, मुंबईकडे निघाली की घोटीचा, धुळ्या-मालेगावकडे निघाली की पिंपळगाव आणि पुढे चांदवड. भगूर-पांढुर्लीवरून भरवीरला गेलं की समृद्धी महामार्ग. तो राज्याचा रस्ता आहे आणि तिथे एप्रिल २०२५ पासून कारला किलोमीटरमागे २.०६ रुपये पडतात. वर उल्लेख केलेला नवा नियम राष्ट्रीय महामार्गांपुरता आहे, समृद्धीचा हिशेब वेगळा. भाजी, कोंबड्या, मटण, फर्निचर, लग्नाचा मांडव, शाळेची मुलं असं काहीही वाहून नेणाऱ्या आपल्या लोकांना रोज यांपैकी एखाद्या नाक्यातून जावं लागतं.

माझं मत आधी सांगून टाकतो: देणं असेल तर ते द्यावं. हे सांगावं लागतं, कारण टोल बुडवण्याला आपल्याकडे हुशारी समजलं जातं. नंबरप्लेटवर चिखल थापणं, एखादा आकडा खोडणं, काचेवर ‘प्रेस’ लिहिणं. कॅम्पात तर ‘आर्मी’चं स्टिकर ही जुनी युक्ती आहे. १९०१ चा एक कायदा सैन्याला टोलमधून सूट देतो, पण ती कर्तव्यावर असलेल्यांना. निवृत्त सुभेदारालाही ती नाही, मग त्याच्याकडून सेकंडहँड गाडी घेतलेल्या आपल्या भाच्याला कुठून असणार? ‘सरकारचे पैसे आहेत, कोणाचे थोडेच आहेत’ असं म्हणणारेच लोक जनाज्याच्या नमाजाआधी सफेत उभे असतात आणि मय्यतीचा मुलगा पुढे येऊन सांगतो की वडिलांकडे कोणाचं काही देणं असेल तर मला भेटा. देण्याबाबत आपण इतके हळवे आहोत. ती हळवी जागा रस्त्यावर का बंद पडते, हे मला कळलेलं नाही.

टोलला विरोध करणं ही वेगळी गोष्ट आहे आणि ती महाराष्ट्राला चांगली येते. कोल्हापूरकरांनी शहरातल्या रस्त्यांचा टोल नाकारला तो चोरून नव्हे. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसं त्यासाठी रस्त्यावर उतरली, वर्षानुवर्षं आंदोलन चाललं आणि शेवटी सरकारला टोल रद्द करावा लागला. २०१५ मध्ये राज्याने १२ नाके बंद केले आणि ५३ नाक्यांवर हलक्या वाहनांना सूट दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलकी वाहनं मोफत झाली. केरळमधल्या पालियेक्करा नाक्याची वसुली तिथल्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये थांबवली. महामार्ग प्राधिकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीश होते. त्यांच्या पीठाने प्राधिकरणाचं म्हणणं फेटाळलं. खड्ड्यांतून आणि कोंडीतून जायचं आणि वर पैसेही द्यायचे, हे नागरिकांवर लादता येणार नाही, असा त्या आदेशाचा अर्थ. मुंबई-नाशिक रस्त्याने पावसाळ्यात प्रवास करणाऱ्याला हा आदेश आपल्यासाठीच दिला आहे असं वाटलं तर नवल नाही. पण त्यासाठी न्यायालयात जावं लागतं, अर्ज करावा लागतो, लोक जमवावे लागतात. जुलै २०२३ मध्ये अमित ठाकरे यांची गाडी अडवली म्हणून सिन्नरजवळचा समृद्धीचा नाका फोडला गेला. त्याने बातमी झाली, दर तेच राहिले.

आता दुसरी बाजू, आणि मला जास्त बोलायचं आहे ते हिच्याबद्दल. ज्याच्या नावावर थकबाकी दिसते त्या प्रत्येकाने टोल बुडवलेला असतो असं नाही. फास्टॅगला केवायसी लागते. ३१ जानेवारी २०२४ नंतर केवायसी अपुरी असलेले टॅग काळ्या यादीत टाकण्याच्या सूचना निघाल्या. मग ‘गाडी ओळखा’ नावाची आणखी एक पडताळणी आली. कागदावर यात काही वावगं नाही. पण आपल्या घरातले कागद काढून बघा. आरसीवर ‘शेख’, आधारवर ‘शैख’, बँकेत इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. एका ठिकाणी मोहम्मद, दुसरीकडे ‘मोहम्मद’चं संक्षिप्त ‘एमडी’, तिसरीकडे महंमद. वडिलांचं नाव कुठे मधे, कुठे शेवटी. बाईच्या नावापुढे कुठे ‘बी’, कुठे ‘बेगम’, कुठे काहीच नाही. शाळेतल्या मास्तरांनी एक लिहिलं, रेशन कार्डवाल्याने दुसरं, आधार केंद्रातल्या पोराने तिसरं. यांतलं एकही आपण लिहिलेलं नाही, पण जुळवायची जबाबदारी आपली.

नाव जुळलं नाही की टॅग अडकतो. टॅग अडकला की नाक्यावर दांडा उठत नाही. मागून हॉर्न वाजायला लागतात, आणि रोख दिले तर दुप्पट भरावे लागायचे. १५ नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयने भरल्यास सव्वापट, एवढी सवलत मिळाली. नाक्यावर तिथल्या तिथे रिचार्ज किंवा केवायसी करून निघू म्हणाल, तर तेही प्रत्येक वेळी जमेलच असं नाही. फेब्रुवारी २०२५ पासून नियम असा आहे की टॅग वाचला जाण्याआधी तासाभरापेक्षा जास्त काळ तो काळ्या यादीत असेल आणि नंतरच्या दहा मिनिटांतही सुटला नाही, तर व्यवहार नाकारला जातो. म्हणजे टॅगची तपासणी घरून निघण्याआधी करायची. पहाटे तीन वाजता माल भरून निघणारा ड्रायव्हर हे करत बसेल, असं ज्यांनी गृहीत धरलं त्यांनी कधी टेम्पो चालवलेला नसावा.

हिशेब करून बघा. एखाद्या लहान टेम्पोवाल्यावर चुकून दीडशे रुपयांची थकबाकी दिसली. गाडी आठ वर्षांपेक्षा जुनी, म्हणजे फिटनेस दरवर्षी. फिटनेस अडला तर गाडी उभी, गाडी उभी तर हप्ता थकला. हा माणूस दीडशे रुपयांसाठी तक्रार करेल का? कॅम्पातून पेठ रोडच्या आरटीओत जायचं म्हणजे नाशिकच्या दुसऱ्या टोकाला, दिवस गेला, दिवसाची कमाई गेली. तो गुपचूप दीडशे भरतो. किंवा नोटिशीला घाबरून ती उघडतच नाही, आणि ते आणखी वाईट. आपल्या नावाने सरकारी कागद आला की आधी धडधडायला लागतं, यामागे अनुभव आहे, त्याला मी हसणार नाही. पण न उघडलेली नोटीस आपोआप मरत नाही. ती फिटनेसच्या दिवशी समोर येते.

म्हणून मागणी अशी असायला हवी की फिटनेस अडवण्याआधी ऐकून घ्या. इंग्लंडमध्ये लंडनजवळच्या डार्टफर्ड क्रॉसिंगवरचे नाके २०१४ मध्ये काढले. तिथे दुसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत पैसे भरायचे असतात. नाही भरले तर ७० पौंड दंड, १४ दिवसांत भरला तर निम्मा. दंड तिथेही आहे आणि आपल्यापेक्षा कडक आहे. पण ज्याला तो मान्य नाही त्याला टोल वसूल करणाऱ्यापासून वेगळ्या, स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. आपल्याकडे ज्याने पैसे कापले त्याच्याच किंवा त्याच्या बँकेच्या दारात तक्रार न्यायची. नोटिशीसोबत गाडीचा फोटो, वेळ, नाक्याचं नाव हवं. मजकूर मराठीत हवा. तक्रार प्रलंबित असेपर्यंत फिटनेस अडवू नये. आणि गाडी त्या नाक्यावर होती हे सिद्ध करण्याचं ओझं वसूल करणाऱ्यावर हवं, कारण कॅमेरा त्याचा आहे. गाडी घराबाहेर उभी आणि मोबाईलवर शंभर मैलांवरच्या नाक्याचा टोल कापल्याचा मेसेज, हे प्रकार इतके वाढले होते की हाताने चुकीचे नंबर टाकणाऱ्या टोलचालकांना दर प्रकरणी लाखाचा दंड लावायची वेळ आली. यंत्रामागची माणसंही चुकतात हे सरकारला माहीत आहे, मग गाडीवाल्याचं म्हणणं आधी ऐकायला हरकत कसली?

टोलची नोटीस आणि पोलिसांचं ई-चलान यांत लोक गल्लत करतात. चलान हे गुन्ह्याचं, वाहतूक पोलिसांचं. टोल हे शुल्क, महामार्गवाल्यांचं. कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत पाठवली पाहिजे, असं २०२१ चा नियम सांगतो. वर्षापूर्वीचं चलान एकदम समोर आलं तर हा नियम दाखवून विचारायला हरकत नाही. दोन्हींचा फायदा घेणारे भामटेही तयार आहेत. व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलान’ नावाची फाईल येते, ती उघडली की मोबाईल त्यांच्या ताब्यात आणि खातं रिकामं. अमेरिकेत न भरलेल्या टोलच्या नावाने असेच खोटे मेसेज फिरायला लागल्यावर एप्रिल २०२४ मध्ये एफबीआयला इशारा द्यावा लागला. सरकारी खातं तुम्हाला ॲपची फाईल पाठवत नाही. चलान बघायचं तर परिवहनच्या किंवा महाट्रॅफिकच्या साईटवर स्वतः गाडीचा नंबर टाकून बघावं, टोलची तक्रार असेल तर १०३३ ला फोन करावा. आलेल्या लिंकवरून कुठेही जाऊ नये.

सर्वांत मोठा घोळ जुन्या गाड्यांचा. आपल्यात गाडी विकताना स्टँप पेपरवर सही झाली, पैसे मिळाले, चहा झाला की विषय संपतो. गाडी चार हात फिरते आणि आरसीवर पहिल्याचंच नाव. कायद्याने विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार प्रकरणात स्पष्ट सांगितलं की अपघाताच्या भरपाईसाठी मालक म्हणजे नोंदणीत ज्याचं नाव आहे तो, मग गाडी त्याने कितीही आधी विकलेली असो. अपघातात ही गत, मग टोलच्या दीडशे रुपयांत वेगळं काय होणार? कुरआनातली सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असली तरी कंटाळा करू नका, याबद्दल आहे. ती पाठ असलेल्या हाफिजजींच्या जुन्या मारुतीची आरसीही मी दुसऱ्याच्याच नावावर पाहिली आहे.

हक्काच्या गोष्टीही लोकांना माहीत नसतात. टॅग चालू आहे, त्यात पैसे आहेत आणि नाक्यावरचं यंत्रच बिघडलं, तर पैसे न देता जाऊ द्यायचं आणि शून्य रकमेची पावती द्यायची, असा २०१८ चा नियम आहे. ती पावती मागून घ्यावी, उद्या थकबाकी निघाली तर तीच कामाला येते. राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यापासून वीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्याच्या खासगी गाडीला महिन्याचा पास मिळतो, २०२५-२६ मध्ये तो ३५० रुपयांचा होता. शिंदेच्या नाक्यासाठी कॅम्पातली माणसं त्यात बसतात, पण पास काढलेली फार थोडी भेटतात. १५ ऑगस्ट २०२५ पासून ३,००० रुपयांत २०० फेऱ्यांचा वार्षिक पासही आला. मात्र तो फक्त खासगी कार-जीपसाठी, राष्ट्रीय महामार्गांवरच चालतो, समृद्धीवर नाही. टेम्पोवाल्याला दोन्हींचा उपयोग नाही. ज्याला सवलतीची खरी गरज, तो इथेही बाहेरच राहिला.

आपल्या मशिदींच्या कमिट्या शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतात, हजचे फॉर्म भरून देतात. जुम्याच्या नमाजानंतर दोन पोरं लॅपटॉप घेऊन तासभर बसली, तर मोहल्ल्यातल्या गाड्यांची थकबाकी तपासून होईल, आरसीला जोडलेला मोबाईल नंबर बदलून होईल आणि नावाचं स्पेलिंग कुठे अडतंय तेही कळेल. येताना आरसी, आधार आणि बँकेचं पासबुक आणावं. गाडी विकली असेल, तर फॉर्म २९ आणि ३० ची पोच.