भाड्याच्या संगणकाचे माप कोण तपासणार?

अंधेरीत सीप्झ वसाहत १९७३ साली स्थापन झाली. त्यानंतरच्या अर्धशतकात उपनगरांतील अनेक कारखाने बंद पडले आणि चांदिवली, विक्रोळीकडे डेटा सेंटरे उभी राहिली. तेथे विकला जाणारा माल म्हणजे गणनशक्ती होय. स्वतःचा संगणक बाळगण्याऐवजी ती भाड्याने घेण्याकडे बँकांचा व लहान उद्योजकांचा कल वाढत आहे. परंतु या मालाचे माप तपासण्याची सोय ग्राहकाला आहे काय?

भाड्याने मिळते ते बहुधा आभासी यंत्र असते. एकाच प्रत्यक्ष संगणकावर अशी अनेक यंत्रे नांदतात. आपला प्रोसेसर कोणता आणि तो कोणत्या आज्ञा पाळू शकतो, हे कार्यप्रणाली सीपीयूआयडी या आज्ञेद्वारे विचारते. आभासी यंत्रात मात्र उत्तर देतो तो मधला हायपरव्हायझर. आणि काय सांगावे, काय झाकावे, हे पुरवठादार ठरवतो.

यात लबाडीच असते असे नव्हे. चालू यंत्र न थांबवता दुसऱ्या संगणकावर हलवायचे, तर दोहोंना समान असलेल्या आज्ञाच दाखवाव्या लागतात; अन्यथा हलवल्यानंतर काम कोसळू शकते. तथापि या सोयीची किंमत ग्राहक मोजतो. माहिती सांकेतिक करण्याच्या खास आज्ञा झाकल्या, तर तेच काम संथ होते. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर व मेल्टडाउन हे दोष उघड झाले, तेव्हा तर प्रश्न सुरक्षिततेचा होता. प्रोसेसरमध्ये आलेली नवी संरक्षक सोय आभासी यंत्राला दाखवली नसेल, तर आतील प्रणालीला ती वापरता येत नव्हती.

विक्रेत्याला मालाची प्रत ठाऊक आणि गिऱ्हाइकाला नाही, अशा बाजारात चांगला माल मागे पडतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० सालीच दाखवले. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२३ च्या निर्देशांनुसार सेवा बाहेरून घेतली तरी जबाबदारी बँकेचीच राहते. लहान नागरी सहकारी बँका या निर्देशांच्या कक्षेत नाहीत. पुरवठादाराशी घासाघीस करण्याचे बळही त्यांच्याकडे नाही. धोका मात्र त्यांच्या ठेवीदारांना तितकाच आहे.

म्हणून प्रोसेसर कोणत्या पिढीचा, कोणत्या आज्ञा झाकल्या आणि बदलाची पूर्वसूचना किती दिवसांची, हे करारात लिहिलेच पाहिजे. सहकारी बँकांच्या संघटनांनी असा नमुना करार तयार करावा. किराणा दुकानातील वजनावर सरकारी शिक्का लागतो. गणनशक्तीच्या बाजारात निदान मापाची लेखी कबुली तरी हवी.