एक विमान आणि एक मत

प्रोजेक्ट गुंडाळला गेल्याचं दुःख काय असतं ते मला विचारा. दीड वर्ष खपून लिहिलेला कोड एका दुपारच्या मीटिंगमध्ये कचऱ्यात गेलेला मी पाहिलाय. त्यामुळे कॅनडाचे जॉन डीफेनबेकर माझ्या लेखी बरीच वर्षं खलनायकच होते.

२० फेब्रुवारी १९५९ ला पंतप्रधान डीफेनबेकरांनी 'अ‍ॅव्हरो अ‍ॅरो' या लढाऊ विमानाचा प्रकल्प बंद केला. हजारो कामगार आणि इंजिनिअर एका दिवसात घरी बसले. तयार विमानंसुद्धा तोडून भंगारात काढली गेली. काही इंजिनिअर पुढे 'नासा'त गेले, म्हणजे फायदा झाला तो शेजाऱ्यांचा. खर्च परवडत नव्हता, क्षेपणास्त्रांचा जमाना आला होता, सगळं मान्य. तरी माझा राग काही गेलेला नाही.

पण मग सहज म्हणून त्यांची पूर्ण कारकीर्द वाचली. १९२५ ते १९३८ मध्ये हे गृहस्थ पाच निवडणुका हरले, अगदी महापौरपदाचीसुद्धा! १९४० ला खासदार झाले आणि १९५८ ला त्यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने २६५ पैकी २०८ जागा जिंकल्या. जर्मन आडनावामुळे टोमणे खाल्लेला हा माणूस. बाहेरचा ठरवलं जाणं म्हणजे काय, हे त्यांना माहीत होतं.

१९६० पर्यंत कॅनडात कायद्याने 'इंडियन' गणल्या गेलेल्या बहुतेक मूळ रहिवाशांना (आपण नव्हे हो!) संघीय निवडणुकीत मत हवं असेल तर तो दर्जा सोडावा लागे. डीफेनबेकर सरकारने ही अट काढली. त्याच वर्षी नागरी हक्कांचा कायदा आणला. तो फक्त संघीय कायद्यांना लागू, म्हणजे जरा लंगडाच, पण सुरुवात झाली. १९६१ मध्ये वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेच्या प्रश्नावर ते राष्ट्रकुलात नेहरूंच्या बाजूने उभे राहिले.

१९६३ ला सत्ता गेली, १९६७ ला पक्षाचं नेतेपद गेलं. तरी मे १९७९ मध्ये तेराव्यांदा निवडून आले आणि त्याच ऑगस्टमध्ये खासदार असतानाच वारले.

आम्हा इंजिनिअर मंडळींना मोडलेलं यंत्र लगेच दिसतं. मत नसलेला माणूस दिसत नाही, कारण तो आमच्या मीटिंगमध्ये कधी नसतोच. अ‍ॅरोची चूक मी माफ करणार नाही. पण तेवढ्यावरून एखाद्याची चाळीस वर्षं निकालात काढणं हेही, माझ्या मते, घाईचंच.

असो. चहा थंड झाला.