मृग मावळतो त्या बाजूला

गेली काही वर्षं 1 जानेवारीची रात्र मी सिद्धगडाच्या पायथ्याशी काढतो. 2 जानेवारी 1943 च्या पहाटे इथल्याच जंगलात स्वातंत्र्यलढ्यातले भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. दर वर्षी त्या पहाटे स्मारकापाशी माणसं जमतात. मी आदल्या संध्याकाळीच येतो. ती पहाट कळायची तर तिच्याआधीची रात्र अंगावर घ्यायला हवी, असं मला वाटतं.

मुंबईच्या मित्रांना इथली, मुरबाडची थंडी सांगून पटत नाही. समुद्र तर फार लांब नाही, मग एवढा फरक कसा? पण रात्री कुलाब्याला समुद्र ऊब देतो, ती इथवर पोचत नाही. अंधार पडला की वारा उलटतो. कोळी ज्याला मतलई म्हणतात तो जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा सुटतो, आणि सह्याद्रीच्या उतारावरची गार, जड झालेली हवा ओहोळाच्या वाटेनं उतरून खाली भातखाचरांत साचते. म्हणून निरभ्र, शांत रात्री सिद्धगडच्या माचीपेक्षा पायथ्याच्या नारिवलीच्या शेतात हुडहुडी जास्त भरते. गडावर थंडी मोठी असणार, या समजुतीनं आलेले ट्रेकर खाली उतरल्यावर कुडकुडतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

पहाटे वालाच्या वेलांवर दव इतकं असतं की बांधावरून चालताना विजार गुडघ्यापर्यंत भिजते. भात निघाल्यावर पेरलेला हा वाल उरलेल्या ओलीवर आणि याच दवावर वाढतो. मध्येच उत्तरेकडच्या झंझावातामुळे आभाळ भरून आलं की थंडी पळते. जमिनीची ऊब ढगांखालीच अडकते, दव पडत नाही आणि आंब्याच्या मोहराची काळजी लागते. तरी थंडी परत येतेच. पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते, तिथे घोंगड्यांची दुकानं लागतात, ती उगाच नव्हे.

आकाशाचं मात्र इथे वेगळंच आहे. पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी असल्यानं तारे उशिरा दिसतात, पण दिसतात तेव्हा चांगले वर आलेले असतात. संध्याकाळी कृत्तिका आणि रोहिणी, त्यामागून मृग, मग व्याध. मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेला खाली अगस्त्य. पहाटे पाचला सारं पालटलेलं असतं. उत्तरेला सप्तर्षी उंच चढलेले, पूर्वेकडे चित्रा आणि स्वाती, आणि ज्येष्ठा अजून डोंगराआड. सूर्यही तसाच रेंगाळतो. सर्वांत लहान दिवस 21-22 डिसेंबरचा, पण आपल्याकडे सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्याला होतो. त्यात हा डोंगर. उजाडलेलं असतं, ऊन मात्र येत नाही.

1943 च्या त्या पहाटे अमावास्येला चारच दिवस उरले होते. म्हणजे रात्रीचा बराचसा काळ चंद्राविना गेला असणार, आणि मग भीमाशंकरच्या बाजूनं बारीक कोर वर आली असणार. जंगलात दडलेल्या कोतवाल आणि त्यांच्या साथीदारांना तेवढाच उजेड होता. मला दर वर्षी ही कोर आठवते.

आणि मग मी पश्चिमेकडे पाहतो. मृग मावळतो त्या बाजूला, कल्याण-भिवंडीवर, रात्रभर पिवळट उजेडाचा पट्टा असतो. पूर्वी तो क्षितिजाला चिकटून असायचा, आता बराच वर चढला आहे. मृगाचे तीन तारे क्षितिजाला टेकायच्या आधीच त्यात विरून जातात. कोतवालांच्या आझाद दस्त्यानं मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले, ते परक्या सरकारचं चाक थांबवण्यासाठी. विजेशी त्यांचं वैर नव्हतं, माझंही नाही. वाड्यापाड्यांवर दिवे आलेच पाहिजेत. पण आभाळाकडे तोंड करून जळणारा दिवा कोणाच्याच वाटेवर पडत नाही. आता पायथ्याच्या गावांतही असेच उघडे, पांढरेफटक दिवे लागू लागले आहेत, आणि हे मला सहन होत नाही.

ग्रामपंचायतींना माझी विनंती आहे: दिव्यांना वरून झाकण बसवा, उजेड रस्त्यावर पडू द्या. आणि 1 जानेवारीला येणार असाल तर घोंगडी घेऊन या, आणि स्मारकापाशी पोचल्यावर टॉर्च आणि मोबाईल पाच मिनिटं बंद ठेवा.