रुसणे आणि शरण जाणे

दिवाळीच्या फराळाचे पहिले ताट आमच्या घरातून समोरच्या बिऱ्हाडी जाते. तिथे ऐंशीच्या घरातल्या एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. त्या ख्रिस्ती. आमची मुले त्यांना मावशी म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. नाताळात तेच ताट केक आणि ओल्या नारळाच्या करंज्या घेऊन परत येते. रिकामे ताट परत करायचे नाही, हा दोन्ही घरांचा धर्म!

यंदा ताट घेऊन मीच गेलो. मन थाऱ्यावर नव्हते. आमच्या कन्येला बँकेतली चांगली नोकरी चालून आली होती, आणि ती सोडून बाईसाहेब कुठल्याशा तालुक्याच्या गावी मूकबधिर मुलांच्या शाळेत शिकवायला जायचे म्हणत होत्या. घरात आठ दिवस अबोला. ते सारे गाऱ्हाणे मी मावशींपुढे मांडले आणि शेवटी सुस्कारा टाकून म्हणालो, “असो. देवाच्या मनात असेल तसे होईल!”

मावशींनी चकलीचा तुकडा मोडला आणि हसून विचारले, “प्रोफेसर, हे तुम्ही शरण जाऊन म्हणता, की रुसून?”

मी गप्प झालो. वर्गात पन्नास मुलांना शब्दांच्या छटा समजावून देणारा माणूस मी. पण माझ्याच वाक्याची छटा मला कळली नव्हती.

“आम्ही रोजच्या प्रार्थनेत म्हणतो की, बापा, तुझी इच्छा पूर्ण होवो,” मावशी म्हणाल्या. “म्हणायला सोपे आहे हो! पण मनात आपण आपलीच यादी ठेवतो आणि खाली त्याची सही मागतो.” मग त्यांनी भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट दाखवले. पांढरे लुगडे, आखूड केस, शांत डोळे. पंडिता रमाबाई. “माझी आजी दुष्काळात त्यांच्याकडे आलेली पोर. त्या दिवशी रमाबाईंनी आपल्या यादीवर सही मागितली असती, तर मी आज तुमची चकली खायला नसते.”

रमाबाई आपल्याला ठाऊक असतात त्या विदुषी म्हणून. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेल्या, १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलेल्या. पण मावशी सांगत होत्या ती गोष्ट एका फळबागेची.

शारदा सदन पुढे पुण्यास आले. त्याचा खर्च अमेरिकेतल्या हितचिंतकांच्या मंडळाने उचलला होता. मात्र दहा वर्षांपुरताच. पुढे काय? रमाबाई व्यवहारी होत्या. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव आहे. तिथे त्यांनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली. विहिरी खणायच्या, फळझाडे लावायची, आणि फळांच्या उत्पन्नावर संस्था चालवायची. बेत किती शहाणपणाचा! कुणीही त्याला देवाचा आशीर्वादच म्हटले असते.

तेवढ्यात १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्यप्रांतातून उपासमारीच्या बातम्या येऊ लागल्या. अनाथ मुली आणि तरुण विधवा रस्त्यावर आल्या होत्या, आणि त्यांना फसवून नेणारेही टपून होते. रमाबाईंना उपास म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. १८७४ च्या सुमारास त्यांचे आईवडील आणि बहीण दुष्काळानेच हिरावून नेली होती. तरीही प्रथम त्यांचे मन कचरले. हाती पैसा नाही, जाऊन करणार काय? ही कबुली त्यांनी स्वतःच दिलेली आहे, आणि मला त्यांच्या थोरवीइतकीच ही कबुली मोलाची वाटते. देवाचे बोलावणे कळताच टुणकन उडी मारून निघणारी माणसे गोष्टींत असतात. खरी माणसे आधी खिसा चाचपतात.

पण त्या गेल्या, आणि शेकडो मुली घेऊन आल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेगने थैमान घातले. शहरात नव्या मुली ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. आता इतक्या जणींना न्यायचे कुठे? केडगावला! जिथे फळझाडे वाढायची, तिथे गवताच्या झोपड्या उभ्या राहिल्या. त्यातूनच ‘मुक्तिसदन’ झाले. ज्या जमिनीने पैसा पुरवायचा, तिने आसरा पुरवला. रमाबाईंनी बेत केला होता आणि जमीनही घेतली होती. ती कशासाठी, हे मात्र त्यांना मागाहून कळले.

यावरून कुणी म्हणेल की, शरण जाणे म्हणजे मान खाली घालून होयबा होणे. छे! रमाबाईंइतकी ताठ मानेची बाई शोधून सापडायची नाही. इंग्लंडात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे बिशपांचे मत पडले. रमाबाईंनी त्यावर खडसून वाद घातला. ज्यांना त्या आईसारखे मानत, त्या धर्मभगिनीलाही त्यांनी स्वच्छ कळवले की, एका पुरोहितशाहीचे जू फेकून दिले ते दुसरीचे मानेवर घ्यायला नव्हे. देवाची इच्छा आणि देवाच्या नावाने बोलणाऱ्या माणसांची इच्छा यांत त्यांनी गल्लत होऊ दिली नाही. देवापुढे वाकणाऱ्याने माणसांपुढेही वाकलेच पाहिजे, असे थोडेच आहे?

आणि ज्या घावापुढे वादही चालत नाही, तोही त्यांच्या वाट्याला आला. मनोरमा ही त्यांची एकुलती एक मुलगी. आपल्यामागे संस्था तिनेच पाहायची, हे ठरलेले. १९२१ च्या जुलैमध्ये ती आईच्या आधी गेली. रमाबाई तेव्हा बायबलच्या मराठी भाषांतरात गुंतल्या होत्या. खेड्यातल्या बायकांना समजेल असे मराठी हवे, म्हणून मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून वर्षानुवर्षे चालवलेले काम! ते त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये निघाला.

“मग त्या रुसल्याच नसतील का हो?” मी विचारले.

“रुसल्या असतील की! आई होती ती,” मावशी म्हणाल्या. “प्रभू येशूनेसुद्धा गेथशेमाने बागेत आधी मागितलेच ना, की हा प्याला टळेल तर टळू दे? मागावे. रडावे. पण मग उठून समोरचे काम हाती घ्यावे. रुसलेला माणूस उठत नाही. शरण गेलेला उठतो, एवढाच फरक.”

मी ताट घेऊन परत निघालो, तर मावशींनी त्यात चार पेरू ठेवले.

दार उघडायला कन्याच आली. आठ दिवस मी तिला देवाची इच्छा ऐकवीत होतो. ती बँकेतल्या नोकरीच्या बाजूची आहे, हे मला कुणी सांगितले होते? रमाबाईंच्या बिशपांची जागा आमच्या घरात कुणी घेतली होती, ते मला उंबऱ्यातच कळले. पगार, अंतर, तिचे पुढचे दिवस यांची काळजी खोटी नव्हती, आजही नाही. पण ती काळजी माझी होती. तिच्यावर देवाचे नाव घालण्याचा अधिकार मला नव्हता.

“बस,” मी म्हणालो, “त्या शाळेत मुले किती आहेत?”

तिने माझ्याकडे जरा संशयाने पाहिले. मग पेरू कापायला घेतला आणि सांगू लागली.