ठाऊक होते, की नव्हते?

दिवाळीच्या फराळाला सगळी जमली, की आमच्याकडे एक गोष्ट हमखास निघते. आमचे थोरले मेव्हणे नाना चकलीचा तुकडा मोडतात, आवाज खाली आणतात आणि म्हणतात, "अहो भाऊजी, चर्चिलला सारे आधीच ठाऊक होते! जर्मनांचा गुप्त संदेश इंग्रजांनी फोडला होता. कॉव्हेंट्रीवर बाँब पडणार हे कळले होते. पण गाव हलवले असते, तर आपली लिपी फुटली हे जर्मनांनी ओळखले असते. म्हणून त्याने गाव जळू दिले. याला म्हणतात राजकारण!"

यंदा माझी दहा वर्षांची नात मध्येच म्हणाली, "मग त्या गावातल्या मुलांना कुणीच सांगितले नाही?"

नाना चकली खाऊ लागले. मीही गप्प बसलो. रात्री मात्र कपाटातली पुस्तके काढली.

गोष्टीचा पाया खरा आहे. 14 नोव्हेंबर 1940 च्या चांदण्या रात्री चारशेहून अधिक जर्मन विमानांनी कॉव्हेंट्रीवर पहाटेपर्यंत बाँब टाकले. साडेपाचशेहून अधिक माणसे मेली, हजारो घरे गेली, जुने कॅथीड्रल जळाले. आणि ब्लेचली पार्क येथे जर्मनांच्या एनिग्मा यंत्राचे संदेश उलगडले जात होते, हेही खरे. पोलंडच्या गणितज्ज्ञांनी त्याची पहिली किल्ली शोधली आणि 1939 च्या जुलैत ती इंग्रज व फ्रेंच मित्रांच्या हाती दिली होती.

पुढचा भाग मात्र तपासून घ्यावा लागतो. तीस-एक वर्षे हे सारे गुपित राहिले. 1974 साली विंटरबॉथम नावाच्या हवाई दलाच्या एका जुन्या अधिकाऱ्याने पुस्तक लिहिले आणि कॉव्हेंट्रीची ही कथा जगभर पसरली. पण कागद खुले झाले, त्या दिवशी चर्चिलच्या सोबत असलेली माणसे बोलली, आणि चित्र निराळेच दिसू लागले.

मोठा हल्ला येणार, त्याचे सांकेतिक नाव 'मूनलाइट सोनाटा', एवढे संदेशांतून कळले होते. कुठे, हे स्पष्ट नव्हते. पकडलेल्या एका जर्मन वैमानिकाच्या बोलण्यात कॉव्हेंट्रीचे नाव आले होते. पण हवाई खात्यातल्या जाणत्यांचे लक्ष लंडनकडे आणि दक्षिणेकडे होते. त्या दुपारी चर्चिल लंडनबाहेर निघाला होता. मोटारीत त्याने कागद उघडले. आज रात्री लंडनच, असे त्याला वाटले, आणि त्याने मोटार परत फिरवायला सांगितली. रात्री तो हवाई खात्याच्या गच्चीवर उभा राहून विमानांची वाट पाहत होता. विमाने आली नाहीत. ती कॉव्हेंट्रीवर होती.

वाटाड्या रेडिओलहरींचा रोख कॉव्हेंट्रीकडे आहे, हे दुपार कलता कलता हवाई दलाला उमगले होते. त्या लहरी बिघडवण्याचा प्रयत्नही झाला. पण यंत्रे चुकीच्या कंपनसंख्येवर लावली गेली, आणि जर्मन विमाने सरळ येऊन पोचली. म्हणजे गाव जळण्यामागे कुणा एकाचा थंड हिशेब नव्हता. चारचौघांच्या चुका होत्या.

मग आपल्याला नानांची गोष्ट का आवडते? मला वाटते, वरच्या माणसाला सारे ठाऊक असते, या कल्पनेत एक प्रकारचा दिलासा असतो. त्यालाही आपल्यासारखेच अंधारात चाचपडावे लागते, हे मान्य करणे जड जाते.

गुपित जपण्याचा पेच मात्र खोटा नव्हता. तो रोजचा होता. भूमध्य समुद्रात शत्रूचे जहाज कुठे आहे हे संदेशांतून कळले, तरी ते लगेच बुडवीत नसत. आधी टेहळणीचे एक विमान मुद्दाम त्यावरून फिरवीत, म्हणजे विमानानेच आपल्याला हेरले, असे शत्रूला वाटे. आणि चर्चिलचा एक निर्णय तर अगदी घरगुती म्हणावा असा होता. 1941 च्या ऑक्टोबरात ॲलन ट्यूरिंग आणि त्याच्या तीन सोबत्यांनी त्याला थेट पत्र लिहिले: माणसे अपुरी पडतात, कारकून आणि टंकलेखक मिळत नाहीत, काम खोळंबते. चौघांतल्या एकाने ते स्वतः नेऊन दिले. चर्चिलने त्यांना हवे ते सारे तातडीने पुरवण्याचा हुकूम केला. युद्ध संपेपर्यंत तिथे काम करणारे हजारो झाले होते, आणि त्यांतल्या बहुसंख्य स्त्रिया होत्या. कित्येकींनी पुढे नवऱ्यालाही त्यातला शब्द सांगितला नाही.

तुम्ही म्हणाल, चर्चिलची वकिली आपण का करावी? करूच नये. आपल्या स्वातंत्र्याला त्याने अखेरपर्यंत विरोध केला. 1943 मध्ये बंगालात लाखो माणसे अन्नावाचून मेली, तेव्हा त्याच्या सरकारने धान्य धाडण्यात केलेली कुचराई विसरण्याजोगी नाही. पण म्हणूनच सांगतो: ज्याच्या खात्यावर खरे देणे एवढे मोठे आहे, त्याच्या नावावर खोटे देणे लिहू नये. एक आकडा खोटा निघाला, की सारी वहीच खोटी ठरवायला लोक टपलेले असतात.

भाऊबीजेला नाना पुन्हा आले. मी हे सारे सांगितले. ते थोडे हिरमुसले. "मग गोष्टीत राहिले काय, भाऊजी?"

उत्तर नातीने दिले. "नानाआजोबा, त्याने गाडी परत फिरवली ना! तिथून सांगा."