ताठ कण्याची सायकल

दिवाळीचा पाडवा हा वाहनखरेदीचा मुहूर्त. त्या दिवशी हडपसरला गाडीतळापासून मगरपट्ट्यापर्यंत हार घातलेली, हळदकुंकू लावलेली नवी वाहने दुकानांतून बाहेर पडतात. त्यांत शाळकरी पोरांच्या हट्टापायी किंवा घरच्या कर्त्या पुरुषाच्या वाढत्या पोटापायी घेतलेल्या सायकलीही असतात. या सायकलींविषयी मला थोडे कडू बोलायचे आहे. सणासुदीला कडू बोलू नये, हे मान्य. पण नरकचतुर्दशीला आपण आधी कारीट फोडून जिभेला लावतो आणि मगच चकलीकडे वळतो. हा लेख त्या कारिटाच्या जागी समजावा.

माझे म्हणणे असे की, आज दुकानदार जी सायकल हौसेने पुढे ओढून दाखवतो ती वाहनच नव्हे. ते व्यायामशाळेतले यंत्र आहे, आणि ते वाहन म्हणून आपल्या गळ्यात मारले जात आहे. तिचे रूप पाहा. मनगटाएवढ्या जाड नळ्या, त्यांवर झगमगीत अक्षरे, एकवीस गिअर, सरळसोट हँडल आणि सुपारीच्या अडकित्त्यासारखी अरुंद सीट. आता नसलेल्या वस्तू मोजा. मडगार्ड नाही, चेनकव्हर नाही, कॅरियर नाही, दिवा नाही. विचारावे तर उत्तर ठरलेले: “साहेब, स्पोर्ट्स मॉडेल आहे, त्याला नसतं.” जणू काही नसणे हाच गुण!

हाच गृहस्थ शेजारच्या दुकानात स्कूटर घ्यायला गेला असता, आणि “मडगार्ड येत नाही, दिवा वेगळा घ्या, स्टँड नाही, भिंतीला टेकवून ठेवा,” असे तिथल्या विक्रेत्याने सांगितले असते, तर तो काय म्हणाला असता? दुकानाची पायरी उतरला असता. मोटारसायकलीवर मागे बसणाऱ्याला धरायला कडी हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि साडी चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकावर निदान अर्ध्या भागापर्यंत आडोसा हवा, असे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे स्कूटरवर बसणारा माणूस कपडे घालतो, पिशव्या नेतो आणि रात्रीही घरी परततो, हे सरकारला ठाऊक आहे. सायकलवाला मात्र अर्ध्या चड्डीत, रिकाम्या हाताने, उन्हाळ्यातल्या कोरड्या सकाळी फक्त फिरायला निघतो, अशी या नव्या सायकली बनविणाऱ्यांची समजूत दिसते.

आता बसण्याचे पाहू. नव्या सायकलीचे हँडल सीटच्या पातळीला किंवा त्याहून खाली असते. त्यामुळे माणूस कमरेत वाकतो, वजन तळहातांवर येते, आणि समोरचे दिसावे म्हणून मान मागे वळवावी लागते. शर्यतीत याला अर्थ आहे. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी तीस-पस्तीस किलोमीटरने धावणाऱ्याला वाकून खरोखरच फायदा होतो. पण गाडीतळाहून स्वारगेटला निघालेला मनुष्य मगरपट्टा, वैदुवाडी, रामटेकडी, भैरोबा नाला, पूलगेट असे थांबत थांबत ताशी बारा किलोमीटरने जातो. त्या वेगाला वारा त्याच्या वाटेला फारसा जात नाही. आठेक किलोमीटरचे अंतर, चाळीस मिनिटांचा प्रवास. त्यासाठी त्याने मान आणि मनगटे का दुखवून घ्यावीत?

ताठ बसणाऱ्याचे वजन बैठकीच्या दोन हाडांवर येते. म्हणून त्याला रुंद, स्प्रिंगची सीट लागते, आणि ती मिळाली की हात नुसते हँडल वळवायला मोकळे राहतात. त्याचे डोळे रिक्षाच्या टपावरून पलीकडचे पाहतात, आणि ट्रकवाल्यालाही त्याचे डोके दिसते. सोलापूर रस्त्यावर हा दुसरा फायदा पहिल्यापेक्षा मोठा आहे.

हे शहाणपण आपल्या आजोबांच्या काळ्या सायकलीत होते. अठ्ठावीस इंची चाके, जरा जास्त कललेला पुढचा फोर्क, दोन चाकांत ऐसपैस अंतर. त्यामुळे खड्डा हाडापर्यंत पोचायच्या आत सायकलच तो पचवून टाकी. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत, ते याच सायकलींच्या जोरावर. फार कशाला, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात आरंभ केला तो सायकलीच्या दुकानाने. हडपसरला त्याच घराण्याचा न्यूमॅटिकचा कारखाना उभा राहिला, त्या उद्योगवृक्षाचे बी सायकलीचे होते. १९५१ साली सोनिपतला निघालेल्या ॲटलस कंपनीने साहिबाबादचा आपला कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनीच, बंद केला, तेव्हा हळहळणारे पुष्कळ होते. हळहळणाऱ्यांपैकी किती जणांनी गेल्या वीस वर्षांत काळी सायकल विकत घेतली होती, हे मात्र कोणी विचारले नाही.

प्रतिपक्षाचे म्हणणेही ऐकले पाहिजे. पहिला आक्षेप वजनाचा. काळी सायकल वीसेक किलोची, नवी हलकी चौदाची. ठीक. पण तिच्यावर पासष्ट किलोचा माणूस बसला की पंचाऐंशीला एकोणऐंशी असा हिशेब होतो. फरक शेकडा सात. सब्जी मंडईतून भाजीची एक पिशवी घेतली की तोही बुडाला. तिसऱ्या मजल्यावर सायकल खांद्यावरून न्यावी लागत असेल, तर मात्र अडचण खरी आहे. पण तिचा उपाय सोसायटीने खाली सायकलींना जागा द्यावी हा आहे, आपण वाकून बसावे हा नव्हे.

दुसरा आक्षेप चढाचा. याचे उत्तर हडपसरच्या भूगोलातच आहे. ज्ञानोबांची आणि तुकोबांची पालखी इथवर येतात आणि इथून त्यांच्या वाटा फुटतात. माउली दिवे घाट चढून सासवडला जातात आणि तुकोबा सपाट रस्त्याने लोणी काळभोरला. ज्याला दर रविवारी दिवे घाट चढायचा आहे त्याने एकवीस गिअर खुशाल घ्यावेत. पण आपला रोजचा रस्ता तुकोबांचा आहे. त्याला एक गिअर पुरतो, फार तर तीन.

तिसरा आक्षेप ब्रेकचा, आणि तो मी बिनतक्रार मान्य करतो. काळ्या सायकलीचे सळईचे ब्रेक आणि गुळगुळीत चकचकीत लोखंडी रिम ही जोडी पावसात भरवशाची नाही. जुने ते सगळे सोने, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नव्हे. रिम ॲल्युमिनियमची घ्यावी, किंवा हबमधला ब्रेक मिळाला तर उत्तमच.

तेव्हा पाडव्याला दुकानात जाल तेव्हा रंग पाहू नका; हे पाहा. हँडलच्या मुठी सीटहून वर आणि आपल्याकडे वळलेल्या असाव्यात. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवली आणि पेडल तळाशी नेले की पाय सरळ व्हावा. गुडघा वाकलेला राहिला तर सीट खाली आहे, कंबर हलली तर वर आहे. टायर पावणेदोन-दोन इंच रुंद असावा. मडगार्ड दोन्ही चाकांना पूर्ण असावे, चेनकव्हर असावे, कॅरियर असा असावा की वीस किलोचे पोते टाकल्यावर कण्हणार नाही. स्टँड दोन पायांचा हवा, म्हणजे सामान बांधताना सायकल आडवी होत नाही. मागचा दातेरी व चाकातला जो सांधा, तो फ्रीव्हील, कुठल्याही कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला उघडता यावा. आणि घरातली सगळी माणसे एकच सायकल वापरणार असतील तर मधली दांडी नसलेली घ्या. तिला आपल्याकडे ‘लेडीज’ म्हणून पुरुष नाक मुरडतात. हॉलंडात तसल्याच सायकलीला आजीची सायकल म्हणतात, आणि तिच्यावर बसून धट्टेकट्टे पुरुष कचेरीला जातात. त्यांच्या पुरुषार्थाला बाध आल्याचे ऐकिवात नाही.

कोणी म्हणेल, ज्याला जी आवडेल ती त्याने घ्यावी, एवढा आकांत कशाला? आकांत अशासाठी की, प्रश्न एका कुटुंबाच्या खरेदीचा नाही. २००६ साली कात्रज-स्वारगेट-हडपसर असा बसचा खास मार्ग झाला तेव्हा त्याच्या कडेने सायकलमार्गही आखले गेले. त्यांवर पुढे स्कूटरी चढल्या, टपऱ्या बसल्या. २०१७ साली महापालिकेने शहराचा मोठा सायकल आराखडा मंजूर केला; त्याच सुमारास रंगीबेरंगी भाड्याच्या सायकली रस्त्यांवर आल्या आणि थोड्याच वर्षांत गेल्या. कोणी फार ओरडले नाही. का ओरडावे? कामावर जाणाऱ्याचा रस्ता अडला तर तो भांडतो. हौसेने फिरणाऱ्याचा अडला तर तो सायकल गॅलरीत ठेवतो आणि तिच्यावर टॉवेल वाळत घालतो.

सायकलीवरचे कॅरियर गेले, त्याबरोबर सायकलवाल्याचा रस्त्यावरचा हक्कही गेला. इंडस्ट्रियल इस्टेटच्या पाळीला जाणारा कामगार, रात्रपाळीचा वॉचमन, पहाटे पेपर टाकणारा पोरगा हे डबा आणि ओझे घेऊन आजही सायकल मारतात. त्यांना सायकल म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको. पण ते एकटे पडले आहेत. सुशिक्षित घरांतून डॉक्टर, शिक्षक, गृहिणी पुन्हा डबा बांधून, साडी नेसून, ताठ बसून सोलापूर रस्त्यावर उतरतील, तेव्हाच नगरसेवकाला तो रस्ता दिसेल. रविवारच्या चष्मेवाल्या वाकलेल्या टोळ्यांनी हे होणार नाही. त्या सूर्य वर यायच्या आत घरी परततात.

म्हणून यंदा पाडव्याला सायकल जरूर घ्या. मात्र पैसे मोजण्यापूर्वी दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: “हिच्यावरून मी पावसात, अंधारात, दळण घेऊन घरी येऊ शकेन का?” तो हसला, तर पुढचे दुकान गाठा.