कापसाची पारख आणि प्रकाश
खामगावची कापूस बाजारपेठ वऱ्हाडात जुनी व नामांकित. परंतु कापसाची प्रत पुष्कळदा व्यापाऱ्याच्या डोळ्यांवर व बोटांवरच ठरते. १९२४ साली मुंबईत स्थापन झालेल्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत हीच पारख यंत्राने होते. तंतूंच्या झुबक्यातून प्रकाश सोडून लांबी, परावर्तित प्रकाशावरून शुभ्रता व पिवळेपणा आणि कॅमेऱ्याने काडीकचरा मोजतात. मात्र गाठी बांधल्यावर केलेल्या मोजणीचा शेतकऱ्यास काय लाभ? नमुन्याची सरकी काढून ही तपासणी विक्रीपूर्वीच व्हावी व तिचे आकडे शेतकऱ्याच्या हाती पडावेत, हेच न्याय्य होय. शेतकऱ्यानेही दव वाळल्यावर वेचणी करावी, कवडी कापूस वेगळा ठेवावा. प्रकाश कोणाचीच भीड धरीत नाही.